गोंदणावरचं पाणी

आजीच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, हिरवं गोंदण होतं. एक ठसठशीत ठिपका आणि त्याखाली तीन बारके. ती पाच-सहा वर्षांची असताना सिन्नरकडच्या तिच्या गावात गोंदणारीण आली होती, तेव्हा तिच्या आईनं तिला मांडीत दाबून धरलं आणि ते काढून घेतलं. "सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं," असं तिला सांगितलं गेलं आणि तिनं ते आम्हाला सांगितलं.

१९३५ साली तिचं लग्न शरणपूरच्या एका ख्रिस्ती घरात ठरलं. लग्नाआधी बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी पाणी सोडलं ते नेमकं गोंदणावर. ही हकीकत ती फार मायेनं सांगायची. थंडीचे दिवस होते, पाणी गार होतं, नव्या लुगड्याला खळीचा वास होता. आणि शेवटी न चुकता म्हणायची, "डोकं समदं भिजलं. पर सटवाईनं कपाळावर लिवलेलं पाण्यानं कसं पुसंल?"

यात खंत नव्हती आणि बंडही नव्हतं. पुढची सत्तरेक वर्षं तिनं ऐतवारची उपासना आजारपणाशिवाय चुकवली नाही. चर्चला ती देऊळ म्हणायची. येशूवर तिचा जीव होता, आणि तिच्या तोंडून 'प्रभू' हा शब्द ज्या मऊपणानं यायचा तो मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तरी आमच्याच मंडळीत अशा बायकांना 'अर्धवट ख्रिस्ती' म्हणत. शाळेत असताना मीही तिला एकदा तसं म्हटलं. ती काही बोलली नाही, माझ्या ताटात भाकरी वाढली. तो शब्द मला परत घ्यायचा आहे, म्हणून हे लिहिते आहे.

शरणपूर आता नाशिकच्या पोटात गेलं आहे. शरणपूर रोडवरून जाणाऱ्यांना दुकानं दिसतात, सिग्नल दिसतो. सेंट अँड्र्यूज चर्च झाडांमागे असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीनं इथं ख्रिस्ती वस्ती वसवली. आलेल्याला शरण देणारं पूर, म्हणून शरणपूर. दुष्काळातली पोरं आली, जातीबाहेर टाकलेली माणसं आली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही आली. त्यातला एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेत वारले, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांचं काळीज तिथल्या एका झाडाखाली पुरलं आणि देह सुकवून समुद्राकडे वाहून नेला. झाडाखालच्या त्या पुरण्याच्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या वेनराइटनं, आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. देह लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत गेला, काळीज झाडाखाली राहिलं. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला आजीचीच वाटत आली आहे. पुस्तकातली प्रार्थना म्हणायची आणि काळीज झाडाखाली ठेवायचं, यात तिला काही विपरीत वाटलं नसतं.

आजी काय काय करायची? शनिवारी नखं कापू द्यायची नाही. नवी सून उंबऱ्यावर आली की उजवा पाय आधी. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. भाकरीचा पहिला तुकडा चुलीत. बाळ किरकिरलं की मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन उतरवायची, 'आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची' पुटपुटायची आणि मूठ चुलीत टाकताना 'येशूच्या नावानं, आमेन' म्हणायची. मिरच्यांचा खकाणा उठला नाही की मान हलवायची, म्हणजे दृष्ट भारी होती. रविवारी व्यासपीठावरून या सगळ्याविरुद्ध उपदेश व्हायचा तेव्हा ती पहिल्या बाकावर पदर सावरून, मन लावून ऐकत बसलेली असायची.

आता ब्रागाच्या मार्टिनचं ऐका. सहाव्या शतकात, आज जिथं पोर्तुगाल आहे तिथं, तो बिशप होता. खेडुतांना सुधारण्यासाठी त्यानं एक प्रवचन लिहिलं. बाप्तिस्मा घेतलेले लोक काय काय करतात याची त्यात यादी आहे: खडकांपाशी, झाडांपाशी, झऱ्यांपाशी, चौरस्त्यांवर मेणबत्त्या लावतात; कुठला पाय आधी टाकायचा ते पाहतात; चुलीतल्या ओंडक्यावर धान्य आणि दारू ओततात; झऱ्यात भाकरी टाकतात; लग्नाला शुक्राचा वार धरतात; बायका मागावर बसल्या की मिनर्वा देवीचं नाव घेतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. हजारो कोस दूर, चौदाशे वर्षांपूर्वी, कुणीतरी माझ्या आजीवर रागावलं होतं.

मार्टिनला वारांची नावंही खुपत होती, कारण ती जुन्या देवांची होती. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी ती नावं तशीच टिकली. इंग्रजीतला गुरुवार अजून थॉर देवाचा आहे, बुधवार वोडनचा. पोर्तुगीजांनी मात्र देव काढून टाकले, त्यांच्याकडे दुसरा दिवस, तिसरा दिवस अशी मोजणी आहे. आमचे पाळकसाहेब 'शब्बाथ' म्हणत, आजी 'ऐतवार' म्हणे, आदित्याचा वार. दोघं सकाळी नऊला एकाच देवळात भेटत.

'पेगन' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या खेडवळ या अर्थाच्या शब्दावरून आला. नवा धर्म शहरांतून पसरला, रानात राहणारे जुन्यावर राहिले, असा त्याचा एक उलगडा देतात. मला तो मनापासून पटतो, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. खेड्याइतकंच आणखी एक ठिकाण नव्या धर्माला लवकर सापडत नाही, ते म्हणजे बाळंतिणीची खोली.

माझी मुलगी २००४ च्या पावसाळ्यात झाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी आजी आमच्या फ्लॅटवर आली. तेव्हा ती चौऱ्याऐंशीची होती, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबली. पाटा-वरवंटा आमच्याकडे नव्हताच. तिनं मिक्सरकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. दिवा लावला. मग घरातलं मोठं बायबल मागितलं, आजोबांचं, कातडी बांधणीचं. तिच्या माहेरच्या रीतीनं सटवाईसाठी कोरा कागद आणि दौत-टाक ठेवतात. रात्री ती येते आणि बाळाच्या कपाळावर जन्माचं लिहून जाते. आजीनं बायबल शेवटून उघडलं. जुन्या बायबलांत मागे कोरी पानं असतात, त्यावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहितात. आमच्याही बायबलात पणजोबांपासूनच्या तारखा आहेत, तीन-चार हातांच्या अक्षरांत. शेवटच्या नोंदीखालची रिकामी जागा तिनं उघडी ठेवली, त्यावर माझं बॉलपेन आडवं ठेवलं आणि पाळण्याखाली सरकवलं.

मी म्हटलं, "आजी, हे पवित्र शास्त्र आहे."

"मग? कुठल्या कागदावर लिवायचं लेकराचं नशीब? पेपरावर?"

रात्रभर पाऊस होता. ती पाळण्याजवळ चटईवर बसून राहिली. सकाळी मला जाग आली तेव्हा ती गुडघ्यांवर होती आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' चाललेलं होतं. पानावर अर्थातच काही उमटलेलं नव्हतं. तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तारीख टाक."

त्या घरात त्या रात्री पाळकसाहेब नव्हते, डॉक्टर नव्हते, नवरा बाहेरच्या खोलीत झोपला होता. पाचव्या-सहाव्या रात्री पोर दगावायचं ते दिवस आजीनं पाहिले होते. तिची स्वतःची दोन गेली होती. धर्मांतराच्या इतिहासात राजे येतात, बिशप येतात, बाप्तिस्म्यांचे आकडे येतात. पण तापानं फणफणलेल्या पोराजवळ रात्री तीन वाजता जी बसते तिला त्या वेळी जे आठवतं ते करावं लागतं. नव्या धर्मात त्या घटकेसाठी तयार काही असेल तर ती ते उचलते. नसेल तर आईकडून आलेलं उचलते. जुनं टिकलं ते याच जागांवर, पाळणा, उंबरा, चूल आणि मसणवाटा. म्हणून ते बायकांच्या हातात टिकलं, आणि म्हणून दोषही बायकांनाच लागला.

इंग्लंडात बीड नावाचा साधू होऊन गेला (नाव आपल्या बीडसारखंच). त्यानं ७३१ साली तिथल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास पुरा केला. त्यात पूर्व अँग्लियाच्या रेडवाल्ड राजाची कथा आहे. रेडवाल्ड केंटमध्ये जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला, पण घरी आल्यावर एकाच देवळात त्यानं दोन वेद्या मांडल्या, एक ख्रिस्ताची, एक जुन्या देवांच्या बळीची. बीड यासाठी त्याच्या बायकोला बोल लावतो; तिनं आणि काही वाईट सल्लागारांनी त्याला फिरवलं म्हणतो. त्या राणीचं नावसुद्धा त्यानं दिलेलं नाही. माझी खात्री आहे, तिच्याही घरात पाळणा असणार.

डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात दहाव्या शतकातला एक दगडी साचा आहे. मऊ दगडात कोरलेला, ओतारी वापरत तसा. त्याच एका साच्यात क्रूस ओतायची सोय आहे आणि थॉरचा हातोडाही. गिऱ्हाईक जे मागेल ते. मला त्या ओताऱ्याबद्दल फार आपुलकी वाटते. आमच्या भद्रकालीतल्या एखाद्या तांबटानं काय वेगळं केलं असतं? आइसलँडचा हेल्गी तर ख्रिस्ताला मानायचा, पण समुद्रावर निघाला किंवा बाका प्रसंग आला की थॉरला हाक मारायचा. आणि इसवी सन १००० च्या सुमारास त्या देशानं आपल्या महासभेत सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं तेव्हा सुरुवातीला एक सवलत ठेवली होती: घरात, कुणाला न दिसता, जुन्या देवांना बळी दिला तर चालेल.

पोप ग्रेगरीनं हे आधीच ओळखलं होतं. ६०१ साली त्यानं इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला पत्र लिहिलं. मूर्ती मोडा, पण देवळं पाडू नका. पवित्र पाणी शिंपडा आणि वापरा. लोक देवांना बैल कापत असतील तर सणाच्या दिवशी देवळाभोवती मांडव घालून त्यांना जेवण करू द्या, देवाचे आभार मानून. ज्याला उंच जायचं आहे तो उड्या मारत नाही, पायरी पायरीनं चढतो, असं त्यात म्हटलं आहे. ज्यानं पायी सप्तशृंग गड चढला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. याउलट फ्रँकांचा राजा शार्लमेन यानं जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी केलेला कायदा. बाप्तिस्मा चुकवायला लपून राहिला तर मृत्युदंड, प्रेत जुन्या रीतीनं जाळलं तर मृत्युदंड. तोही ख्रिस्ताच्याच नावानं. गोव्यातल्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, १७३६ साली तुळशीपासून लग्नातल्या ओव्यांपर्यंत सगळ्यांवर बंदी घातली, ती याच वाटेनं. मला या दोन वाटा सारख्या वाटत नाहीत आणि वाटू नयेत.

इथं एक सांगायलाच हवं. दर डिसेंबरला आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड येतात, की नाताळ म्हणजे मुळात सूर्याचा सण, ईस्टर म्हणजे एका देवीचा सण, ख्रिसमस ट्री म्हणजे जुन्या लोकांचं पवित्र झाड. इतकं सोपं ते नाही. २५ डिसेंबर का निवडला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ईस्टरच्या नावामागची म्हणतात ती एओस्त्रे देवी आपल्याला ठाऊक आहे ती याच बीडच्या एका उल्लेखावरून. सजवलेल्या झाडाची प्रथा जर्मनीत वाढली ती पुष्कळ नंतर, ख्रिस्ती घरांमध्येच. जुनं कुठं शिल्लक आहे ते शोधायचं तर सणाच्या नावापेक्षा स्वयंपाकघरात बघावं. आमच्या नाताळात करंज्या असतात, चकल्या असतात, दारात चांदणी लागते ती दिवाळीच्या कंदिलाची सख्खी बहीण. याला कुणी लपवाछपवी म्हणत असेल तर त्यानं एकदा आमच्याकडे फराळाला यावं.

पण सगळंच टिकलेलं गोड मानून घ्यायला मी तयार नाही. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे, वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं धान्यही धुऊन घ्यायचं. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली. मधली वर्षं त्या सोवळ्याशी झुंजत होत्या. नवऱ्याच्या देवापेक्षा दुसऱ्याच्या हातचं पाणी त्यांना अवघड गेलं, आणि ते त्यांनी इतक्या उघडपणे लिहिलं म्हणून मला त्या वंदनीय वाटतात. त्यांनी ते ओलांडलं. आपण सगळ्यांनी ओलांडलं का? माझ्या चुलतबहिणीचं लग्न एका ख्रिस्ती घरात जमत आलं होतं. बायबलवाचन झालं, प्रार्थना झाली, चहा झाला. मग मुलाच्या काकांनी हळूच विचारलं, "मूळचे तुम्ही कोण?" बाबांनी सांगितलं. पुढचा फोन आलाच नाही. सटवाई पाळण्याखाली आली, तिला मी जागा करून दिली. या पाहुण्याला आमच्यात कुणी आणि का जागा दिली, हे मला अजून कळलेलं नाही. आणि याविरुद्ध व्यासपीठावरून, दृष्टीच्या मिरच्यांविरुद्ध जितकं बोललं गेलं, तितकं मी कधी ऐकलं नाही.

आजीच्या वडिलांना हे नीट माहीत होतं. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा ते गावातल्या चार जणांबरोबर चालत नाशिकला आले होते. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली, तेही याच जिल्ह्यात. त्याच वर्षी आजी शरणपुरात आली. तिची धाकटी बहीण १९५६ नंतर बौद्ध झाली. बावीस प्रतिज्ञा तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही. राम-कृष्णाला मानणार नाही. श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही.

व्हॅटिकनमधल्या एका जुन्या हस्तलिखितात सॅक्सन लोकांना बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायला लावत ती प्रतिज्ञा आहे. तीही नावं घेऊन सांगते: थुनर, वोडन आणि सॅक्सनोत यांना मी सोडतो. सॅक्सनांकडून ती वदवून घेतली ती तलवारीच्या छायेत, आणि नागपूरची प्रतिज्ञा लाखोंनी आपण होऊन, मान वर करून घेतली. हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. पण दोन्ही लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. नाव घेतल्याशिवाय देव जात नाही. आणि माझी मावसआजी खरोखर तशी जगली. नवरा गेल्यावर तिनं ना घास ठेवला, ना कावळ्याची वाट पाहिली. "बाबासाहेबांना शब्द दिला आहे," एवढंच म्हणाली. दोघी बहिणी महिन्यातून एकदा भेटत, एकमेकींच्या केसांना तेल लावून देत, आणि या विषयावर कधी भांडल्याचं मला आठवत नाही. दोघींच्या कपाळावर तेच गोंदण होतं.

आजोबा १९८७ साली गेले. मी अकरा वर्षांची होते. शरणपूरच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं, गीतं झाली, मूठमूठ माती झाली. दहाव्या दिवशी पहाटे आजीनं पिठलं-भाकरी केली, पत्रावळीवर कांदा ठेवला आणि मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून आली. रामकुंडावर पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट बघतात ते मी पाहिलं होतं, म्हणून मला कळलं. बाबा घरातून बघत होते, बाहेर आले नाहीत. कावळे समोरच्या कडुलिंबावर होते, पण एकही उतरला नाही. ऊन चढलं. मग कुठूनशी एक खार आली, भाकरीचा कोपरा दोन्ही पुढच्या पायांत धरून खाऊ लागली.

मी आजीकडे पाहिलं. तिनं बराच वेळ खारीकडे बघितलं. मग म्हणाली, "चालतंय. बारक्या जिवांचं त्यांना लई होतं."

आजी २०११ साली, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. अंघोळ घालताना मी तिच्या कपाळावरून ओला रुमाल फिरवला. कातडी कागदासारखी झाली होती, गोंदण तसंच हिरवं होतं. बायबलातल्या पानावर तिची तारीख मी लिहिली, माझ्या मुलीच्या जन्मतारखेच्या लगेच खाली, कारण मधे काहीच नव्हतं.

दहाव्या दिवशी मी पिठलं केलं. हिरवी मिरची जास्त घातली, तिला लागायची तशी. भाकरी नीट फुगली नाही. पत्रावळी मिळाली नाही म्हणून स्टीलच्या ताटलीतच वाढलं आणि त्याच भिंतीवर ठेवलं. कडुलिंब मधल्या काळात तुटला होता. आमचे आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, त्या दिवशी सकाळी विचारपूस करायला आले होते. घरात कुणी दिसलं नाही म्हणून मागच्या बाजूला आले. त्यांनी ताटली पाहिली. मी काही लपवलं नाही आणि काही सांगितलंही नाही.

ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. घड्याळाकडे एकदा पाहिलं, मग हात मागे बांधून तेही भिंतीकडे बघू लागले.